ऋण प्रबलन आणि शिक्षा: पहिल्या वर्षाची हमखास गल्लत

मानसशास्त्राच्या पहिल्या वर्षात साधक अभिसंधान, म्हणजे वर्तन त्याच्या परिणामांवरून कसे घडत जाते, हे शिकवून झाले की ‘ऋण प्रबलन म्हणजेच शिक्षा’ हे वाक्य उत्तरपत्रिकांत हमखास डोके वर काढते. दोन्हींत काहीतरी नकोसे असते, एवढ्यावरून ही गल्लत होते. परिणाम मात्र अगदी उलट असतात. प्रबलन, मग ते धन असो वा ऋण, वर्तन पुन्हा घडण्याची शक्यता वाढवते आणि शिक्षा ती कमी करते. वर्तनानंतर काही पदरात पडले किंवा ओढवले तर ते धन, असलेले काही टळले किंवा हिरावले गेले तर ते ऋण; चांगल्या-वाईटाशी या विशेषणांचा काही संबंध नाही.

मानसशास्त्रज्ञ स्किनर याच्या प्रयोगाच्या पेटीत तळाच्या जाळीतून वीजप्रवाह चालू असताना तरफ दाबताच तो थांबत असेल, तर उंदीर पुढच्या वेळी तरफेकडेच धाव घेतो. हे ऋण प्रबलन. तरफ दाबल्यावरच झटका बसू लागला, तर तो तिच्या वाटेला जात नाही, ही शिक्षा.

उंदरांपर्यंत सारे सोपे असते, माणसे आली की घोटाळा सुरू होतो. किराणा दुकानात मूल चॉकलेटसाठी भोकाड पसरते, चारचौघांत तमाशा नको म्हणून आई ते हातात ठेवते आणि रडणे थांबते. मुलाच्या रडण्याला धन प्रबलन मिळाले, तर आईच्या देण्याला ऋण. म्हणून पुढच्या खेपेस मूल लवकर रडते आणि आईही लवकर नमते. हेल्मेटच्या दंडाचेही तसेच आहे. पैसे गेल्यामुळे बोडक्याने गाडी चालवणे कमी झाले तर ती ऋण शिक्षा. तोच दंड टळावा म्हणून हेल्मेट घालणे वाढले तर ते ऋण प्रबलन. तेव्हा आपण कोणत्या वर्तनाविषयी बोलत आहोत, हे आधी ठरवल्याशिवाय उत्तर लिहायला घेऊच नये.

विद्यार्थ्यांच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. 1938 मध्ये खुद्द स्किनर आज आपण जिला शिक्षा म्हणतो तिलाच ऋण प्रबलन म्हणत असे. आजचा अर्थ केलर आणि शोनफेल्ड यांच्या 1950 च्या पाठ्यपुस्तकाने रुळवला आणि 1953 मध्ये स्किनरनेही तो स्वीकारला.

शिक्षेचा असर टिकतोच असे नाही. स्किनरच्या त्याच 1938 च्या प्रयोगांत तरफ दाबल्यावर मिळणारे अन्न बंद केल्यावर काही उंदरांच्या पंज्यांना सुरुवातीची 10 मिनिटे तरफेचाच फटका बसत असे. त्यांचे तरफ दाबणे तेवढ्यापुरते मंदावले, पण फटके थांबल्यावर त्यांनी ती कसर भरून काढली. उलट ऋण प्रबलनाने लागलेली टाळण्याची सवय चिवट असते: वर्गात सादरीकरण करण्याची धास्ती असलेला विद्यार्थी त्या तासाला दांडी मारतो, धास्ती तिथल्या तिथे ओसरते, आणि त्या सुटकेमुळेच पुढची दांडी अधिक सोपी होते.