कोंबुचा आणि वॉटर केफिर: एक घावन, एक साबुदाणा

परवा मैत्रिणीने एक डबी हातात ठेवली, म्हणाली घे, कोंबुचाची (म्हणजे आंबवलेल्या गोड चहाची) स्कोबी आणलीये तुझ्यासाठी. उघडून बघते तर आत भिजवलेल्या साबुदाण्यासारखे पारदर्शक दाणे. म्हटलं अगं ही कोंबुचाची नाही, वॉटर केफिरची आहे, आंबवलेल्या साखरेच्या पाण्याची. तर म्हणे दोन्ही आंबटगोड आणि फसफसणारंच ना, काय फरक पडतो! पडतो हो. दोन वर्षांपूर्वी मला असेच दाणे मिळालेले आणि मी ते कोंबुचासारखे वर फडकं बांधून नऊ दिवस ओट्यावर ठेवून दिले, नंतर बघितलं तर दाण्यांचा गाळ आणि पाणी इतकं आंबट की बेसिन घासायलाच वापरलं.

तिची चूक नाही तशी, कारण स्कोबी हे काही एका वस्तूचं नाव नाही, बॅक्टेरिया आणि यीस्ट एकत्र संसार करतात त्या गोळ्याला स्कोबी म्हणतात, मग तो घावनासारखा चपटा असो की दाणेदार. नावाचा घोळ तर त्याहून जुना आहे. जपानमध्ये कोंबुचा मागितलात तर कोंबू नावाच्या समुद्री शेवाळाचं खारट गरम पेय समोर येईल, आपल्या या पेयाला तिथे कोचा किनोको म्हणजे काळ्या चहाची अळंबी म्हणतात, आणि रशियनसुद्धा चहाची अळंबीच म्हणतात. त्यात अळंबीबिळंबी काही नसते. (आमच्याकडे श्रावणात कोंबुचा हा शब्द पहिल्यांदा उच्चारला तेव्हा आईने काय ऐकलं असेल ते सांगायला नकोच.)

तर आधी कोंबुचा. याला चहा लागतो, खरा चहा, काळा किंवा हिरवा. मी एक लिटर पाण्यात साधारण 8 ग्रॅम चहापत्ती आणि 70-80 ग्रॅम साखर घालते, दूध नाही, आलं-वेलची नाही, मसाला तर अजिबातच नाही कारण त्यातली तेलं स्कोबीला मानवत नाहीत. चहा गाळून पूर्ण गार करायचा, कोमट चालेल असं वाटतं पण धीर धरा, मग त्यात आधीच्या घाण्यातला 100 मिली आंबट कोंबुचा आणि स्कोबी घालायची. हा आंबट कोंबुचा विसरलात तर स्कोबी असून उपयोग नाही, कारण पहिल्या दोन दिवसांत बुरशी धरू नये म्हणून पाणी सुरुवातीपासूनच आंबट लागतं. तोंडावर घट्ट विणीचं सुती कापड, जुना पंचा उत्तम, आणि रबरबँड. जाळीदार फडकं नको, चिलटं आत जातातच जातात.

आत जे चालतं ते मला फार आवडतं. यीस्ट साखर फोडून तिचं अल्कोहोल आणि गॅस करतं, आणि ते अल्कोहोल बॅक्टेरिया हवेतला ऑक्सिजन घेऊन खातात आणि त्याचं अॅसेटिक अॅसिड करतात, म्हणजे व्हिनेगरमध्ये असतं तेच. गोव्यात माडाची सूर ठेवून व्हिनेगर करतात तिथेही हेच दोन टप्पे, आधी दारू मग आम्ल, फक्त कोंबुचात दोन्ही एकाच बरणीत एकाच वेळी चालतात आणि आपण मध्येच, पूर्ण व्हिनेगर व्हायच्या आत, थांबवतो. हवा लागते म्हणून तर तो थर वर तरंगतो, बरणीचं तोंड जेवढं तेवढाच गोल, आणि तो बनतो सेल्युलोजचा, कापसात असतं तेच सेल्युलोज. नारळपाण्याचा तो चिवट जेलीसारखा नाटा दी कोको मिळतो ना, तोही याच जातीच्या बॅक्टेरियाची करामत. थराखाली तपकिरी लोंबते धागे दिसले की लोक घाबरून फेकून देतात, ते यीस्ट आहे, काही होत नाही. पण वरच्या बाजूला कोरडा, केसाळ, हिरवा-काळा-पांढरा ठिपका दिसला तर ती बुरशी, मग स्कोबीसकट सगळं फेका, वरवर खरवडून चालत नाही. एप्रिलच्या उकाड्यात माझा कोंबुचा सहा दिवसांत होतो, पुण्याच्या थंडीत बारा लागतात. चव घेत राहायचं, गोड जाऊन आंबट पुढे आलं की झालं.

भांडं काचेचंच. तांबं-पितळ नको, कल्हई उडालेल्या भांड्यात आंबट ठेवायचं नाही हे आजीने सांगितलेलं असतंच, तेच इथेही. ओळखदेख नसलेली रंगीत चिनीमातीची बरणीही टाळा, काहींच्या लुकणात शिसं असतं आणि आम्ल ते ओढून घेतं.

आता वॉटर केफिर, हे सगळं जरा उलटं. चहा नको, म्हणजे कॅफिनही नाही. साखरेचं पाणी, त्यात दाणे, एखादं सुकं अंजीर, लिंबाची चकती, बस. एक लिटरला 60-70 ग्रॅम साखर आणि चार-पाच चमचे दाणे. नऊ दिवस नाही तर एक ते दोन दिवस! मे महिन्यात तर सकाळी लावलेलं दुसऱ्या दिवशी सकाळी गाळून टाका, जास्त ठेवलं तर साखर संपते, दाणे उपाशी राहतात आणि मग माझ्यासारखा गाळ मिळतो. इथे मुख्य काम लॅक्टिक अॅसिड करणाऱ्या बॅक्टेरियांचं, आपल्या ताकाच्या भाऊबंदांचं, म्हणून आंबटपणा व्हिनेगरसारखा नाकात जात नाही, मऊ लागतो. त्यांना हवेची गरज नाही, दाणे तळाशी बसून काम करतात, मध्येच एखादा बुडबुड्याला धरून वर येतो आणि परत खाली. दाणे डेक्स्ट्रानचे, म्हणजे साखरेच्या कणांच्या लांब साखळ्यांचे असतात आणि ते डेक्स्ट्रान बॅक्टेरिया आपल्या नेहमीच्या साखरेपासूनच बनवतात, म्हणून नुसता मध घातला तर दाणे वाढत नाहीत. आरओच्या पाण्यात मात्र ते मरगळतात, खनिजं नसतात ना, अशा वेळी मी थोडा गूळ घालते, लगेच तरतरीत. मेक्सिकोत हे तिबिकोस म्हणून ओळखले जातात आणि फड्या निवडुंगावर सापडतात असं सांगतात. इंग्लंडमध्ये याच्याच नात्यातल्या आल्याच्या बिअरच्या दाण्यांवर हॅरी मार्शल वॉर्ड या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1892 मध्ये अभ्यास छापला होता, म्हणजे हे फॅड काही इन्स्टावाल्यांनी काढलेलं नाही. दुधाचं केफिर हा तिसराच प्रकार, कॉकेशसकडचा, त्याचे दाणे फ्लॉवरच्या तुऱ्यांसारखे पांढरे, ते साखरेच्या पाण्यात घालू नका.

फसफस दोन्हींत एकाच पद्धतीने आणतात. गाळून बाटलीत भरायचं, थोडं फळ घालायचं, झाकण घट्ट, एक-दोन दिवस बाहेर, मग फ्रीज. जाड काचेचीच बाटली घ्या आणि रोज थोडी हवा सोडा, माझ्या अननसाच्या बाटलीने थेट पंखा गाठला होता. बाटली बंद असताना अल्कोहोलही थोडं वाढतं. 2010 मध्ये अमेरिकेत काही दुकानांनी कोंबुचा शेल्फवरून काढून घेतला तो याच कारणाने, तिथे अर्ध्या टक्क्याच्या वर गेलं की ते मद्य धरतात. दोन्हींत थोडं अल्कोहोल असतंच, त्यामुळे लहान मुलं, गरोदर बायका, प्रतिकारशक्ती कमी असलेले यांना मी तरी देत नाही. आणि साखर सगळी संपते हे खोटं, सात दिवसांच्या कोंबुचात बऱ्यापैकी उरते, डायबेटिसवाल्यांनी त्या भरवशावर ग्लास भरू नये. पोट, लिव्हर, कॅन्सर असले दावे वाचले की मी पुढे सरकते, बरेचसे प्रयोगशाळेतल्या आणि उंदरांवरच्या अभ्यासांवर उभे असतात. मला चव आवडते, मी पिते.

मला विचाराल तर घाई असेल त्याने केफिर घ्यावं आणि विसराळू माणसाने कोंबुचा. गणपतीला दहा दिवस कोकणात जायचं तर कोंबुचा लावून निघा, आल्यावर फार तर जरा जास्त आंबट मिळेल. दाणे मात्र ताज्या साखरेच्या पाण्यात घालून फ्रीजमध्ये ठेवावे लागतात, आणि किल्ली शेजारी दिली असेल तर बरणीवर चिठ्ठी डकवा. मी डकवते. साबुदाणा नाही, एवढंच लिहिलेलं असतं.