बाली बेटावरील पर्यटन

इंडोनेशियातील बाली बेटाच्या अर्थव्यवस्थेचा मुख्य आधार. त्याचा आरंभ केव्हापासून धरावा, याविषयी एकमत नाही. १९०८ मध्ये डचांनी बेटाचा ताबा पूर्ण केला आणि १९१४ च्या सुमारास वसाहत सरकारच्या पर्यटन कार्यालयाच्या माहितीपत्रकांत बालीचे नाव येऊ लागले. काही अभ्यासक हाच आरंभ धरतात. परंतु प्रवाशांची नियमित ये-जा केपीएम या डच जहाज कंपनीच्या उत्तरेकडील बुलेलेंग बंदराला होणाऱ्या फेऱ्यांमुळे, साधारणपणे १९२४ पासून सुरू झाली. देनपासर येथील बाली हॉटेल १९२८ मधले. त्यामुळे १९२० चे दशक हाच आरंभकाळ मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

पर्यटकांना दाखवल्या जाणाऱ्या केचक या समूहनृत्याची उत्पत्तीही वादग्रस्त आहे. जर्मन चित्रकार वाल्टर स्पीस याने १९३० च्या दशकात ते घडविले, असे सर्रास लिहिले जाते. मात्र ‘चक-चक’ असा ठेका धरणारा पुरुषांचा वृंद सांगह्यांग या अंगात येण्याच्या विधीत आधीपासून होता. वायन लिंबाक यांच्यासारख्या स्थानिक नर्तकांनी तो वेगळा काढला, त्याला रामकथेची जोड मिळाली आणि स्पीसचे प्रोत्साहन लाभले, हे मत अधिक ग्राह्य दिसते.

१९६६ मध्ये सानूर किनाऱ्यावर दहा मजली हॉटेल उभे राहिले. त्याच्या अनुभवानंतर इमारतींची उंची माडाइतकी, म्हणजे १५ मीटरपर्यंत, मर्यादित करण्यात आली. १९६९ मध्ये न्गुराह राय विमानतळ आंतरराष्ट्रीय झाला. १९७१ च्या फ्रेंच सल्लागारांच्या आराखड्याने मोठी हॉटेले नुसा दुआ येथे एकवटण्याचे ठरविले. जागा विचारपूर्वक निवडलेली होती: जमीन कोरडी, भातशेती नगण्य, वस्ती विरळ. पण कमी खर्चात फिरणारे तरुण कुटा गावातील घरगुती खोल्यांत उतरू लागले आणि एकवटण्याची कल्पना तिथेच ढासळली.

अलीकडचा विस्तार चांगू आणि पेरेरेनानच्या भातखाचरांत झाला आहे. दूरस्थ काम करणारे परदेशी महिनोन्महिने राहू लागल्याने व्हिलांची मागणी वाढली. त्याचा खरा फटका सुबक या सामाईक सिंचनव्यवस्थेला बसतो. कालव्यात ठराविक रुंदीच्या खाचा असलेला बांध घालून पाणी वाटले जाते. ज्याची खाच रुंद, त्याचा वाटा मोठा. वरच्या अंगाचे एखादे खाचर भराव टाकून बुजवले किंवा चारी अरुंद केली, की खालच्या खाचरांना पाणी उशिरा व अपुरे पोहोचते. पेरणीचे दिवस एकमेकांशी जुळेनासे होतात, मग उंदीर आणि कीड आवरत नाही. शेजारी व्हिला आल्याने जमिनीचा कर वाढतो आणि शेवटी शेतकरी विकतो. २००२ च्या बाँबस्फोटांनीही झाले नाही इतके खोल नुकसान हे आहे, कारण बुजलेले खाचर परत येत नाही. सुबकला २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात स्थान मिळाले. परंतु त्यात जातिलुविहसारखे निवडक भागच येतात, चांगू नाही.

आकडेवारी जपून वाचावी लागते. परदेशी पर्यटकांच्या मोजणीत थेट बालीत उतरणारेच येतात. जाकार्तामार्गे किंवा जावाहून फेरीने येणारे त्यात नसतात. २०१९ मध्ये सुमारे ६३ लाख परदेशी आले, तर २०२१ चा आकडा शंभराच्याही आत आहे. त्या वर्षी थेट आंतरराष्ट्रीय विमानसेवा जवळजवळ बंद होती, एवढाच त्याचा अर्थ. २००२ च्या स्फोटांनंतरची (२०२ मृत) घसरणही काही वर्षांत भरून निघाली. २०२४ मध्ये संख्या पुन्हा सुमारे ६३ लाखांवर पोहोचली. ऑस्ट्रेलियन प्रवासी आघाडीवर असून भारतीयांचा वाटा वेगाने वाढला आहे.

१४ फेब्रुवारी २०२४ पासून परदेशी पर्यटकांवर दीड लाख रुपियाचे शुल्क आहे. ते ‘लव्ह बाली’ या संकेतस्थळावर आधी भरून क्यूआर कोड जवळ ठेवता येतो. आगमनानंतर मिळणाऱ्या ३० दिवसांच्या व्हिसाचे पाच लाख रुपिया वेगळे. एक भरले म्हणजे दुसरे माफ होते, असा प्रवाशांचा गैरसमज वारंवार आढळतो.