रकाना कागदावर, फरक शरीरात

पंजाबातून अमेरिकेत गेलेला भगतसिंग थिंड पहिल्या महायुद्धात अमेरिकी लष्करात होता, पगडीसकट. युद्धानंतर त्यानं नागरिकत्व मागितलं. तेव्हाच्या कायद्यानं बाहेरून आलेल्यांपैकी फक्त गोऱ्यांना आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांनाच ते मिळू शकत होतं. थिंडच्या बाजूनं मुद्दा मांडला गेला तो असा: मानववंशशास्त्रज्ञ उत्तर भारतीयांना 'कॉकेशियन' गटात धरतात, सबब तो गोरा.

मुद्दा बिनबुडाचा नव्हता. नोव्हेंबर १९२२ मध्ये ताकाओ ओझावा या जपानी माणसाचा अर्ज फेटाळताना तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं होतं की गोरा म्हणजे कॉकेशियन, नुसत्या कातडीच्या रंगावर जायचं नाही. तीन महिन्यांनी, फेब्रुवारी १९२३ मध्ये, थिंडचा निकाल लागला. लिहिणारे न्यायमूर्ती तेच, जॉर्ज सदरलँड. या वेळी ते म्हणाले, शास्त्रज्ञांचं वर्गीकरण बाजूला ठेवा, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा. शास्त्र सोयीचं होतं तेव्हा शास्त्र, नाही तर लोकांचा समज. या निकालानंतर आधी नागरिक झालेल्या कित्येक भारतीयांचंही नागरिकत्व काढून घेण्यात आलं.

थिंडबद्दल सहानुभूती वाटते, पण त्याच्या बाजूच्या युक्तिवादात तो उच्च जातीचा आणि म्हणून आर्य रक्ताचा असल्याचा दावाही होता, हे विसरून चालणार नाही. कप्पे मोडा असं त्याचं म्हणणं नव्हतं. त्याला वरच्या कप्प्यात जायचं होतं.

अमेरिकी जनगणनेतही भारतीयांची अशीच फरफट झाली. १९३० मध्ये 'हिंदू' हा वंशाचा रकाना होता आणि शीख-मुसलमानही त्यातच. १९७० मध्ये भारतीय गोऱ्यांत मोजले गेले आणि १९८० मध्ये त्यांना वेगळा आशियाई रकाना मिळाला. माणसं तीच, त्यांची जनुकं तीच. म्हणूनच समाजशास्त्र वंशाला 'सामाजिक रचना', म्हणजे समाजानं घडवलेली गोष्ट, म्हणतं.

जीवशास्त्राची साक्षही याच बाजूला पडते. रिचर्ड लेवॉन्टिन या जनुकशास्त्रज्ञानं १९७२ मध्ये रक्तगट आणि रक्तातली प्रथिनं घेऊन माणसामाणसांतल्या जनुकीय फरकांचा हिशेब मांडला. सुमारे ८५ टक्के फरक एकाच लोकसमूहातल्या माणसांमध्ये निघाला. रूढ अर्थानं ज्यांना वेगवेगळे वंश म्हणतात त्यांच्या वाट्याला जेमतेम ६ टक्के आले. आता याचा अर्थ जनुकांवरून कुणाचे पूर्वज कुठले हे कळत नाही, असा नाही. ते बऱ्यापैकी कळतं. पण हे फरक भूगोलाबरोबर हळूहळू बदलत जातात, ठळक रेघा मारून नाही. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचंच बघा. त्याला 'काळ्यांचा आजार' म्हणायची पद्धत होती. प्रत्यक्षात तो मलेरियाच्या वाटेनं जातो, कारण त्याचं एकच जनुक मिळालेल्यांचा मलेरियापासून बचाव होतो. म्हणून आफ्रिकेच्या बऱ्याच भागात आहे, तसा तो भूमध्य समुद्राच्या काठी, अरबस्तानात आणि भारतातही आहे.

वांशिकता ही वंशाची चुलत बहीण. तिचा आधार शरीर नसून भाषा, धर्म, चालीरीती आणि सामायिक आठवणी असतो, असं पुस्तकी व्याख्या सांगते. आफ्रिकेतल्या रवांडात ती व्याख्या लंगडी पडते. तिथल्या हुतू आणि तुत्सी या दोन गटांची भाषा एकच, धर्मही बहुतांशी एकच. गुरंढोरं वाढली की हुतू कुटुंब तुत्सींत गणलं जाण्याची वाट पूर्वी थोडीफार मोकळी होती. १९३० च्या दशकात बेल्जियन राजवटीनं ओळखपत्रावर गट नोंदवला आणि ती वाट बंद झाली. १९९४ च्या नरसंहारात नाक्यानाक्यावर ओळखपत्रावरची हीच नोंद बघून माणसं मारली गेली.

मग कप्पे माणसानंच केलेले असतील, तर ते खोटे का? नाहीत. विषमता मोजायला घेतली की ते किती खरे आहेत हे कळतं. समाजशास्त्रज्ञ डेव्हा पेजर यांनी अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात चार तरुणांना साध्या नोकऱ्यांसाठी अर्ज करायला पाठवलं, दोन गोरे, दोन कृष्णवर्णीय. शिक्षण, अनुभव, बोलण्याची ढब, सगळं मिळतंजुळतं. प्रत्येक जोडीतला एक जण आळीपाळीनं अमली पदार्थांच्या गुन्ह्यात तुरुंगवास झाल्याचं सांगे. २००३ मध्ये आकडे प्रसिद्ध झाले. स्वच्छ पाटीच्या गोऱ्यांना ३४ टक्के ठिकाणांहून पुढचं बोलावणं आलं, तुरुंगात जाऊन आलेल्या गोऱ्यांना १७ टक्के. स्वच्छ पाटीच्या कृष्णवर्णीयांना १४ टक्के आणि तुरुंगवास सांगणाऱ्या कृष्णवर्णीयांना ५. काळी कातडी आणि काहीही गुन्हा नाही, यापेक्षा गोरी कातडी आणि गुन्हा बरा!

लिंगभावाचंही असंच. मूल झाल्यावर बाईची कमाई घटते हे सर्वांना माहीत आहे आणि बहुतेक जण ते निसर्गाच्या खात्यावर टाकून मोकळे होतात. डेन्मार्कमधल्या नोंदींवरून दिसलं की पहिल्या मुलापर्यंत स्त्री-पुरुषांच्या कमाईची चाल सारखीच असते. नंतर बाईची घसरते आणि दीर्घकाळात सुमारे २० टक्के मागे राहते. बाप होता त्या मार्गावरच राहतो. मग संशोधकांनी दत्तक मूल घेतलेल्या आया तपासल्या. गर्भारपण नाही, बाळंतपण नाही, अंगावर पाजणं नाही, तरी पुढच्या काळातली घट जवळपास तेवढीच.

या विषमता एकमेकींवर बसतात तेव्हा साधी बेरीज चालत नाही. १९७६ मध्ये पाच कृष्णवर्णीय स्त्रियांनी जनरल मोटर्सविरुद्ध लावलेला दावा अमेरिकेतल्या न्यायालयात अडकला तो इथंच. कंपनीनं १९६४ पूर्वी कृष्णवर्णीय स्त्रिया घेतल्याच नव्हत्या, त्यामुळे ज्येष्ठतेनुसार कपात झाली तेव्हा गदा त्यांच्यावर आली. न्यायालय म्हणालं, कंपनीत स्त्रिया होत्या, म्हणजे लिंगभेद नाही, आणि वंशभेदाचा दावा वेगळा मांडा. दोन्ही मिळून तिसरा दावा होऊ शकत नाही. पण कंपनीत आधीपासून असलेल्या त्या स्त्रिया गोऱ्या होत्या. किंबर्ली क्रेन्शॉ या कायद्याच्या अभ्यासकानं १९८९ मध्ये 'आंतरछेदिता', म्हणजे एकाच माणसावर अनेक विषमता एकत्र येऊन वेगळाच परिणाम करतात, ही संकल्पना मांडली ती अशाच निकालांवर बोट ठेवून.

वर्गाबद्दल एकच अभ्यास सांगतो. १९६७ पासून लंडनमधल्या सुमारे १८,००० सरकारी कर्मचाऱ्यांचं आरोग्य तपासलं गेलं. सगळ्यांना पक्की नोकरी आणि सरकारी आरोग्यसेवा. तरी हृदयविकारानं मरण्याचं प्रमाण सर्वांत खालच्या श्रेणीत सर्वांत वरच्यापेक्षा तिपटीहून जास्त, आणि मधल्या पायऱ्यांवर मधलं. धूम्रपान आणि रक्तदाब हिशेबात धरूनही बराचसा फरक उरला. या पहिल्या अभ्यासात सगळे पुरुषच होते. बायका आल्या १९८५ च्या दुसऱ्या फेरीत.

असे फरक दर वेळी कुणाच्या द्वेषातूनच येतात असं नाही. वंशाचंच आणखी एक उदाहरण घ्या. मूत्रपिंड किती काम करतं याचा अंदाज क्रिएटिनिन या स्नायूंतून रक्तात येणाऱ्या टाकाऊ पदार्थावरून एका सूत्रानं काढतात. २००९ च्या सूत्रात रुग्ण कृष्णवर्णीय असेल तर उत्तराला १.१५९ नं गुणायचं होतं. कारण सांगितलं जाई की त्यांचे स्नायू जास्त असतात. त्याला पुरावा तोकडा होता, आणि आई गोरी नि बाप काळा असेल तर काय, याचं उत्तर सूत्राजवळ नव्हतं. अमेरिकेत प्रत्यारोपणाच्या यादीतला प्रतीक्षाकाळ साधारणपणे हा आकडा २० किंवा त्याहून कमी झाला की मोजायला लागतो. समजा गुणकाविना उत्तर १८ आलं, तर नाव लागलं. १.१५९ नं गुणलं की ते २०.९ होतं, म्हणजे अजून थांबा. रक्त तेच, फॉर्मवरची खूण वेगळी.

२०२१ मध्ये सूत्रातून वंश वगळण्यात आला. जानेवारी २०२३ पासून अमेरिकेतल्या प्रत्यारोपण केंद्रांना कृष्णवर्णीय रुग्णांचे जुने अहवाल बाहेर काढून, गुणक न लावता आकडेमोड करून, त्यांचा प्रतीक्षाकाळ मागच्या तारखेपासून धरावा लागला.