मोठे प्लॅटफॉर्म जागचे हलत का नाहीत

बेल यांच्या टेलिफोनची मूळ पेटंटं १८९३ आणि १८९४मध्ये संपली आणि अमेरिकेत गावोगावी स्वतंत्र टेलिफोन कंपन्या निघाल्या. बेलची यंत्रणा आपल्या तारांना त्यांच्या तारा जोडू देत नसे. त्यामुळे अनेक शहरांत व्यापाऱ्यांना दोन फोन ठेवावे लागत, एक बेलच्या गिऱ्हाइकांसाठी आणि दुसरा बाकीच्यांसाठी. भाडंही दोन्हींचं भरायचं. आवाज दोन्हींतून सारखाच येई, पैसे जात होते ते पलीकडे कोण आहे यासाठी. १९१३मध्ये सरकारी कारवाईच्या दबावाखाली बेलच्या यंत्रणेची मालक कंपनी एटीअँडटीने स्वतंत्र कंपन्यांना आपल्या लांब पल्ल्याच्या लाइनी जोडून द्यायचं कबूल केलं. आजच्या ऑनलाइन प्लॅटफॉर्मचं कोडं तेव्हाच पुरतं दिसलं होतं.

गणित सोपं आहे. १० जणांच्या जाळ्यात ४५ जोड्या होतात, १०० जणांच्या जाळ्यात ४,९५०. नवं अॅप कितीही सुबक असलं तरी पहिल्या माणसाला तिथे बोलायला कुणी नसतं. बारा जणांचा ग्रुप हलवायचा म्हटलं आणि अकरा जण तयार झाले, तरी त्या एकासाठी जुनं अॅप फोनमध्ये राहतंच. महिनाभरात गप्पा पुन्हा तिकडेच सुरू होतात. पैसा आणि इंजिनिअर ओतूनही हे सुटत नाही. गूगलचं सोशल नेटवर्क गूगल प्लस जून २०११मध्ये आलं. त्यावरची ९० टक्के सत्रं पाच सेकंदही टिकत नाहीत, असं कंपनीनेच २०१८मध्ये सांगितलं आणि एप्रिल २०१९मध्ये सामान्य वापरकर्त्यांसाठी ते बंद झालं.

मग फेसबुकच्या आधीचं मोठं सोशल नेटवर्क मायस्पेस कसं पडलं? न्यूज कॉर्पने २००५मध्ये ५८ कोटी डॉलरला घेतलेली ही साइट २०११मध्ये सुमारे साडेतीन कोटींना विकली गेली. फेसबुकने तिच्याशी थेट टक्कर घेतलीच नव्हती. फेब्रुवारी २००४मध्ये ते फक्त हार्वर्डपुरतं होतं, मग एकेक कॉलेज घेत गेलं, आणि सर्वांसाठी खुलं झालं ते सप्टेंबर २००६मध्ये. कॉलेजातल्या मुलाला जगभरचे कोट्यवधी लोक नको असतात, वर्गातले आणि होस्टेलमधले हवे असतात. ते सगळे एका जागी सापडले की मोठ्या जाळ्याच्या आकड्याला तिथे किंमत उरत नाही. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला हाच सर्वांत महत्त्वाचा धडा आहे. बाजारपेठेच्या साइटवर आणखी एक फट असते. विक्रेता तोच माल दोन ठिकाणी लावू शकतो. चीनमध्ये २००३मध्ये आलेल्या ताओबाओने माल लावायला शुल्कच ठेवलं नाही आणि २००६ संपता संपता तिची अमेरिकन प्रतिस्पर्धी साइट ईबेला तिथला कारभार स्थानिक भागीदाराकडे सोपवावा लागला.

पुढे मोठ्या कंपन्या सावध झाल्या. फेसबुकने २०१२मध्ये इन्स्टाग्राम १०० कोटी डॉलरला घ्यायचं ठरवलं, २०१४मध्ये व्हॉट्सअॅप १,९०० कोटींना. जानेवारी २०१३मध्ये ट्विटरचं छोट्या व्हिडिओंचं अॅप वाइन बाजारात येताच त्यातून फेसबुकवरचे मित्र शोधायची सोय फेसबुकने तोडली. ही सोय नव्या अॅपचा प्राणवायू असते, कारण पहिल्याच दिवशी ओळखीची दहा माणसं दिसली तर माणूस दुसऱ्या दिवशी परत येतो.

कायद्याने दार उघडायचा प्रयत्न युरोपात झाला. मे २०१८पासून लागू झालेल्या जीडीपीआर या डेटा-संरक्षणाच्या कायद्याने आपला डेटा सोबत नेण्याचा हक्क दिला. पण फेसबुकवरून उतरवलेली फाइल उघडून बघा. आपले फोटो, पोस्ट आणि मित्रांची नावं मिळतात. त्या मित्रांना दुसरीकडे गाठायला लागणारे फोन नंबर किंवा ईमेल मात्र त्या यादीत नसतात. त्यांची माहिती त्यांच्या मालकीची, म्हणून ती सरसकट देताही येत नाही.

मोठ्या प्लॅटफॉर्मसाठीचा, मार्च २०२४पासून बंधनकारक झालेला युरोपचाच डिजिटल मार्केट्स अॅक्ट एक पाऊल पुढे गेला. छोट्या मेसेजिंग कंपनीने मागणी केली तर मोठ्या अॅपला आपली सेवा तिच्याशी जोडून द्यावी लागते, तीही एन्क्रिप्शनची, म्हणजे संदेश तिसऱ्याला वाचता येऊ नयेत यासाठीच्या कुलुपाची, पातळी न घटवता. आधी दोघांमधले संदेश, मग कंपनीला या कायद्याखाली मोठी म्हणून जाहीर केल्यापासून दोन वर्षांत ग्रुप, चार वर्षांत कॉल. बारा जणांच्या त्या ग्रुपची अडचण यातून हलकी होऊ शकते. मात्र हे कलम फक्त मेसेजिंगला लागू आहे. सोशल नेटवर्कवरची मित्रयादी त्यात येत नाही.