टकरीची ऊर्जा वेगळी, झोताची ऊर्जा वेगळी

१० सप्टेंबर २००८ रोजी ‘आज जगाचा शेवट’ छापाच्या बातम्या दिवसभर चालल्या. जीनिव्हाजवळ सर्न या युरोपीय कणभौतिकी प्रयोगशाळेच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडरमध्ये, म्हणजे एलएचसीत, प्रोटॉनवर प्रोटॉन आपटणार, त्यातून कृष्णविवर निघणार आणि ते पृथ्वी गिळणार, असा हिशेब होता. गंमत अशी की त्या दिवशी टक्कर ठरलेलीच नव्हती. २७ किलोमीटरच्या वर्तुळातून आधी एका दिशेने आणि मग उलट दिशेने प्रोटॉनचा विरळ झोत फिरवून पाहिला, एवढेच.

टक्कर आणि झोत यांतला हा घोळ अजून सुटलेला नाही. ‘प्रचंड ऊर्जा’ हे शब्द दोन्हींना सरसकट लावले जातात. भीती टकरीची असते आणि आकडे झोताचे दिले जातात.

टकरीची ऊर्जा टेरा इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये, म्हणजे टीईव्हीमध्ये मोजतात. एलएचसीचा आराखडा १४ टीईव्हीचा आहे. नाव भारदस्त, पण १ टीईव्ही म्हणजे साधारण एका उडत्या डासाची गतिज ऊर्जा. १४ टीईव्ही म्हणजे सव्वादोन मायक्रोज्यूल. एक टाळी वाजवली तरी याच्या काही लाख पट ऊर्जा खर्च होते. टकरी टिपणाऱ्या मोठ्या यंत्राच्या, म्हणजे डिटेक्टरच्या, मधोमध सेकंदाला सुमारे एक अब्ज टकरी होतात. त्या सगळ्यांची बेरीज जेमतेम सव्वादोन किलोवॉट भरते. पाणी तापवायचा हीटर तेवढाच असतो. मग एवढा खटाटोप कशाला? कारण ती डासाएवढी ऊर्जा प्रोटॉनहूनही लहान जागेत कोंबलेली असते. ‘सूर्याच्या गाभ्याच्या लाखपट तापमान’ हे वाक्यही तसेच वाचायचे: तापमान खरे, उष्णता नगण्य.

आता कृष्णविवर. गुरुत्वाकर्षणाच्या रूढ सिद्धांतानुसार ते घडवायला प्लांक ऊर्जा नावाची अफाट ऊर्जा एका टकरीत लागते, आणि ती एलएचसीच्या टकरीपेक्षा जवळजवळ एकावर पंधरा शून्ये इतकी पट जास्त आहे. अवकाशाला लांबी-रुंदी-उंचीपलीकडे लपलेल्या जादा मिती असल्या तरच काही शक्यता उरते, आणि तेव्हाही हॉकिंग किरणोत्सर्गामुळे, म्हणजे कृष्णविवरातून ऊर्जा झिरपत गेल्यामुळे, ते क्षणार्धात विरून जाईल. हा किरणोत्सर्ग कोणी प्रत्यक्ष पाहिलेला नाही, असा आक्षेप घेता येतो. म्हणून भक्कम उत्तर वैश्विक किरणांचे, म्हणजे अवकाशातून पृथ्वीवर आदळणाऱ्या वेगवान कणांचे, आहे. १५ ऑक्टोबर १९९१ रोजी युटामधल्या यंत्रणेने टिपलेल्या एकाच कणाची ऊर्जा सुमारे ५१ ज्यूल होती. मात्र इथे सरळ तुलना करायची नाही. धावता कण स्थिर लक्ष्यावर आदळतो तेव्हा बहुतेक ऊर्जा पुढे धावण्यातच जाते. तो प्रोटॉन होता असे धरले, तर टकरीच्या कामी आली सुमारे ७५० टीईव्ही, म्हणजे तरीही एलएचसीच्या पन्नासपट. सर्नच्या सुरक्षा गटाच्या २००८ च्या अहवालानुसार, एलएचसीच्या पूर्ण आयुष्यात जेवढ्या टकरी होतील त्याच्या सुमारे लाखपट टकरी निसर्गाने पृथ्वीवर आधीच केल्या आहेत.

यावर एक चांगली शंका निघते. वैश्विक किरणांतून झालेले कृष्णविवर जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने पृथ्वीच्या आरपार जाईल. एलएचसीत समोरासमोरच्या टकरीतून झालेले मात्र संथ असू शकेल आणि इथेच रेंगाळेल. गिडिंग्ज आणि मांगानो या भौतिकशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये याच मुद्द्यावर गणित मांडले. श्वेत बटू आणि न्यूट्रॉन तारे, म्हणजे मेलेल्या ताऱ्यांचे आकसलेले अवशेष, इतके घन असतात की वेगवान कृष्णविवरही त्यांच्यात अडकावे. तसे काही घडत असते, तर हे जुने तारे आज दिसले नसते.

झोताची ऊर्जा मात्र ज्यूलमध्ये मोजायची आणि तिला खरोखर घाबरायचे. आराखड्यानुसार एका झोतात प्रोटॉनचे २८०८ पुंजके, प्रत्येकात सुमारे ११,५०० कोटी प्रोटॉन. सगळ्यांचे वजन अर्धा नॅनोग्रॅम, ऊर्जा ३६२ मेगाज्यूल. ४०० टनांची आगगाडी ताशी १५० किलोमीटरने धावते तेव्हा तिच्यात साधारण एवढीच ऊर्जा असते. ती पाचशे किलो तांबे वितळवू शकते.

याच्या दीडशेव्या हिश्शाने काय होते ते २५ ऑक्टोबर २००४ रोजी दिसले. एलएचसीला प्रोटॉन पुरवणाऱ्या एसपीएस त्वरकातून झोत बाहेर काढताना, त्याला वळवणाऱ्या चुंबकाचा वीजपुरवठा ऐन वेळी बंद पडला. प्रवाह काही टक्केच उतरला होता, पण झोत चुकीच्या वाटेने निघाला आणि पुढच्या चुंबकातली निर्वात नळी सुमारे २५ सेंटिमीटर लांब चिरली गेली.

म्हणून एलएचसीच्या वाटेवर साडेतीन हजारांहून अधिक गळती-मापक बसवले आहेत. मर्यादा ओलांडली की झोत टाकून देण्याचा हुकूम सुटतो. झोताची एक फेरी ८९ मायक्रोसेकंदांची. तिच्यात ३ मायक्रोसेकंदांची जागा मुद्दाम रिकामी ठेवलेली असते. तेवढ्या फटीत झोताला धक्का देऊन बाहेर वळवणारे १५ ‘किकर’ चुंबक पूर्ण ताकदीला येतात आणि पुढच्या एका फेरीत सगळा झोत बाजूच्या बोगद्यात वळवतात. तिथे सुमारे ८ मीटर लांबीचा ग्राफाइटचा ठोकळा आहे. झोत त्याच्यावर वळणदार रेघेत पसरवूनच सोडतात; एकाच बिंदूवर पडला तर ग्राफाइटलाही भोक पडेल. किकर त्या फटीत न चालता भलत्याच वेळी चालले, तर काही पुंजक्यांना अर्धवट धक्का बसतो. ते झेलायला वाटेत वेगळे शोषक ठोकळे आहेत. हे सगळेच फसले तर यंत्राचा चुराडा होईल आणि झोत घन तांब्यात तीसेक मीटरपर्यंत घुसेल. पण तो बोगदा जमिनीखाली साधारण शंभर मीटरवर आहे आणि झोत फिरताना आत कोणालाही सोडत नाहीत. नुकसान पैशांचे आणि वर्षांचे.

एलएचसीला खरा दणका मात्र या दोन्हींनी दिलेला नाही. झोताला वर्तुळात वळवणाऱ्या अतिवाहक (विजेला रोध नसलेल्या) चुंबकांमध्ये मिळून सुमारे १० गिगाज्यूल ऊर्जा साठते, झोताच्या कितीतरी पट. १९ सप्टेंबर २००८ रोजी, म्हणजे त्या ‘शेवटच्या दिवसा’नंतर नऊ दिवसांनी, यंत्रात झोत नसतानाच चुंबकांचा प्रवाह वाढवून पाहणे चालू होते. ८.७ किलोअँपिअरला दोन चुंबकांमधला एक सदोष विद्युतजोड तापला, ठिणगीने चुंबक थंड ठेवणाऱ्या हेलियमचे आवरण फोडले, काही टन द्रव हेलियम बाहेर पडून फुगले आणि जड चुंबक जागेवरून सरकले. ५३ चुंबक बाहेर काढावे लागले. पहिली टक्कर २३ नोव्हेंबर २००९ पर्यंत लांबली ती यामुळे.