समता: मनातून दारात, दारातून कायद्यात

‘समता’ हा शब्द जुना, पण आज आपण तो ज्या अर्थानं वापरतो तो अर्थ बराच अलीकडचा. गीतेतलं समत्व म्हणजे सुखदुःखात मन डळमळू न देणं. ते ज्याचं त्यानं साधायचं. शेजाऱ्याच्या पदरात त्यानं काही पडत नाही.

माणसामाणसांतल्या समतेची गोष्ट सोलापूरकरांना लांबून आणावी लागत नाही. बाराव्या शतकात बसवेश्वरांच्या कल्याणातल्या (आजचं कर्नाटकातलं बसवकल्याण) अनुभव मंटपात, म्हणजे शरणांच्या चर्चासभेत, परीट माचय्या आणि नावाडी चौडय्या वचनं सांगत. आपले ग्रामदैवत सिद्धरामेश्वर त्याच मेळ्यातले. पुढे चांभार हरळय्याचा मुलगा आणि ब्राह्मण मधुवरसाची मुलगी यांचं लग्न लागलं, तेव्हा बिज्जळ राजानं दोघा बापांना देहदंड दिला, असं परंपरा सांगते. एकत्र बसणं खपलं, सोयरीक खपली नाही. (आजही फार वेगळं आहे का?)

सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत संमती कट्ट्यावर अक्षता पडतात त्या त्यांचा योगदंड आणि कुंभारकन्येच्या लग्नाच्या. मिरवणुकीतल्या सात नंदीध्वजांत, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्यांत, मातंग समाजाचाही मान आहे. पण मान म्हणजे हक्क नव्हे. मंगळवेढ्याच्या चोखोबांची समाधी पंढरपुरात आहे ती महाद्वाराबाहेर, नामदेव पायरीजवळ. ते दार दलितांसाठी उघडायला 1947 साल उजाडलं, आणि त्यासाठी साने गुरुजींना मे महिन्यात उपोषणाला बसावं लागलं.

समता हक्क म्हणून मागायची भाषा फ्रान्समध्ये 1789 च्या जाहीरनाम्यात दिसते. इकडे 1873 मध्ये जोतीरावांनी सत्यशोधक समाज काढला. आंबेडकरांनी मात्र स्पष्ट सांगितलं, की स्वातंत्र्य, समता, बंधुता आपण बुद्धाकडून घेतली, फ्रान्सकडून नाही. संविधानात ती कलम 14 ते 18 मध्ये आली.

कायद्यानंच केलेली विषमताही सोलापुरानं पाहिली आहे. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं काही जमातींवर जन्मतःच गुन्हेगाराचा शिक्का मारला. कैकाडी, पारधी, मांग गारुडी अशा कुटुंबांना इथल्या सेटलमेंटमध्ये, म्हणजे सक्तीच्या वसाहतीत, तारेच्या कुंपणात ठेवलं. गिरणीत राबायचं, आणि ठरल्या वेळी हजेरी द्यायची. हा कायदा देशभरातून पुसला गेला 31 ऑगस्ट 1952 ला, म्हणजे संविधान लागू होऊन अडीच वर्षं उलटल्यावर. विमुक्त जमाती तोच आपला मुक्तिदिन मानतात.

कुंपण गेलं. पत्त्यात मात्र लोक अजूनही ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ लिहितात. त्यातला ‘फ्री’ म्हणजे तारेबाहेरचा.