भरत आलेल्या जखमेवर डेटॉल नको

ओहोटीला कालवं काढताना कातळावर पाय सरकला की कालवाची कड थेट तळव्यात शिरते. जांभ्याच्या गडग्यावर गुडघा खरचटतो, नारळ सोलताना कोयता बोटावर येतो, रापणीच्या जाळ्यातला शिंगाळा मासा हातात काटा मोडून जातो. कोकणात जखमांना तोटा नाही आणि घरोघरचा पहिला इलाजही ठरलेला: डेटॉल, सॅव्हलॉन, नाहीतर फेस येणारं हायड्रोजन पेरॉक्साइड. पहिल्या दिवशी पाण्यात मिसळून एकदा लावलं तर फारसं बिघडत नाही. बिघडतं ते पुढे. आठवडा झाला तरी रोज सकाळी पट्टी सोडायची, कापसाने डेटॉल चोळायचं आणि पोर कळवळलं की म्हणायचं, "झोंबतंय ना, म्हणजे लागू पडतंय." भरत आलेली जखम अशाने मागे जाते.

जखम भरते कशी, हे एकदा नीट बघायला हवं. रक्त थांबलं की पांढऱ्या पेशी तिथे गोळा होतात आणि जंतू, मेलेल्या पेशी गिळायला लागतात. पहिल्या दोन-तीन दिवसांची लाली, थोडी सूज आणि ठणका हा त्याच कामाचा भाग. मग फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी येतात आणि कोलॅजन या प्रथिनाचे धागे विणतात. त्या धाग्यांतून नव्या केशवाहिन्या, म्हणजे केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या, फुटतात. या वेळी जखमेचा तळ उजेडात धरून पाहा: ओलसर, लालसर गुलाबी आणि बारीक दाणेदार दिसतो. त्या दाण्यांत केशवाहिन्यांची इवली वेटोळी असतात, म्हणून कोरड्या कापसाने घासलं तरी रक्त येतं. शेवटी कडेच्या त्वचापेशी त्या ओल्या पृष्ठभागावरून सरकत मधोमध येतात आणि जखम झाकतात.

जंतुनाशकाला जंतू कुठला आणि आपली पेशी कुठली, हे कळत नाही. डेटॉलमधलं क्लोरोझायलेनॉल, सॅव्हलॉनमधले क्लोरहेक्सिडीन आणि सेट्रिमाइड, बाटलीतलं स्पिरिट यांपैकी काहीही त्या गुलाबी थरावर ओतलं, तर फायब्रोब्लास्टही मरतात. कालच लावणी केलेल्या खाचरात तणनाशक मारण्यासारखंच हे. पेरॉक्साइडच्या फेसाने तर भलीभली माणसं फसतात. फेस म्हणजे जंतू उकळून बाहेर पडताहेत, असा समज आहे. खरं तर आपल्याच रक्तात आणि पेशींत कॅटलेज नावाचं विकर असतं, ते पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करतं. एकही जंतू नसलेल्या जखमेवरही तेवढाच फेस येईल.

ही शंका आजची नाही. जोसेफ लिस्टर या ब्रिटिश शल्यचिकित्सकाने 1867 मध्ये कार्बोलिक आम्लाने शस्त्रक्रियेतल्या जखमा सडण्यापासून वाचवल्या आणि जंतुनाशकांचं युग सुरू झालं. ते मोठंच काम होतं. पण पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या बुलोन इथे काम करताना अलेक्झांडर फ्लेमिंगला दिसलं, की खोल, वेड्यावाकड्या जखमांत ही द्रव्यं कोपऱ्यातल्या जंतूंपर्यंत पोचत नाहीत. त्याआधीच पांढऱ्या पेशी मारतात. पुढे पेनिसिलिन शोधणारा हा डॉक्टर त्याच्या कितीतरी आधी मिठाच्या पाण्याने धुवा, असं सांगत होता. पुढे 1962 मध्ये जॉर्ज विंटर या संशोधकाने डुकरांवरच्या प्रयोगात दाखवलं, की ओलसर झाकलेली जखम उघडी टाकून खपली धरू दिलेल्या जखमेपेक्षा जवळपास दुप्पट वेगाने कातडी धरते. "वारा लागू दे, सुकू दे" हा सल्ला म्हणूनच मला पटत नाही.

मग करायचं काय? ताज्या जखमेवर पिण्याचं स्वच्छ पाणी भरपूर सोडायचं, वाळू, चिखल, शिंपल्याचे कण निघेपर्यंत. पाण्याच्या धारेने जे निघतं ते कुठल्याही बाटलीने निघत नाही. नंतर रोज तेच पाणी किंवा मिठाचं पाणी पुरे. लिटरभर पाणी उकळून त्यात 9 ग्रॅम, म्हणजे सपाट दीड चहाचा चमचा मीठ घालायचं आणि निवू द्यायचं. टिपून घ्यायचं, चोळायचं नाही. वर पांढऱ्या व्हॅसलिनचा पातळ थर आणि स्वच्छ पट्टी. डब्यातली हळद किंवा ठेचलेला दगडी पाला निर्जंतुक नसतो, तो आत भरू नका.

शिंगाळ्याच्या काट्याचं थोडं वेगळं आहे. त्याचं विष उष्णतेने निकामी होतं, म्हणून सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात अर्धा-पाऊण तास बुडवला की कळ उतरते. काटा आत मोडला असेल तर मात्र तो डॉक्टरांनीच काढायचा. कालव लागो की कोयता, धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन पाच वर्षं उलटली असतील आणि जखम मळकी असेल, तर ते पुन्हा घ्यायचं.

समुद्राच्या पाण्याने जखम धुणं टाळाच. त्यात साधारण साडेतीन टक्के मीठ असतं, आपल्या रक्ताच्या खारटपणाच्या जवळपास चौपट. शिवाय खाडीच्या कोमट, निमखाऱ्या पाण्यात व्हिब्रिओ जातीचे जंतू असतात. मधुमेह किंवा यकृताचा आजार असलेल्यांना त्यांचा फार धोका. लाली कडेच्या बाहेर पसरत चालली, ताप भरला, जखमेपेक्षा वेदना भलतीच मोठी वाटली किंवा काळपट फोड आले, तर दुसरा दिवस उजाडायची वाट पाहू नका. आणि दवाखान्यात गेल्या गेल्या सांगा, की जखम खाऱ्या पाण्यात झाली आहे; डॉक्टरांना अँटिबायोटिक त्यावरूनच निवडावं लागतं.